झोळीतला हात

४ मार्च, मंगळवार

डाव्या हाताने लिहिणं आता पुरे! अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. उद्या प्लास्टर निघणार.

दुकानाच्या पायरीवरून पडले तेव्हापासून कात्री लेकीच्या हातात आहे. शिवते चांगलं. पण दर टाक्याला तेच — "आई, बघ ना गं." एकोणीस वर्षांची घोडी! मी काय जन्मभर पुरणार आहे हिला?

५ मार्च, बुधवार

डॉक्टर म्हणाले, "हात मस्त जुळलाय. आता वापरा." मी मान डोलावली, बाहेर आले आणि झोळी परत गळ्यात अडकवली. लेकीला सांगितलं, अजून आठवडाभर हात हलवायचा नाही.

थाप मारली खरी. पण हात बरा झाल्याचं कळलं की कात्री लगेच माझ्या पुढ्यात. ओळखून आहे मी तिला!

६ मार्च, गुरुवार

घात झाला. गाणाऱ्या बाईंचा निळा मखमली कोट — रविवारी त्या तो घालून गाणार. कापड त्यांच्या बहिणीने परदेशातून पाठवलेलं, दुसरं मिळणं अशक्य. आणि लेकीने बाही उलटी कापली! मखमलीची लव एकाच दिशेला बसते. तुकडा उलटा लागला की रंग गडद दिसतो. कोट एका निळ्याचा, बाही दुसऱ्याच निळ्याची.

माझ्या लक्षात आलं तोवर कात्री फिरली होती. मग तिलाही दिसलं. चेहरा पांढराफटक. "आई—" म्हणाली, माझ्या झोळीकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

झोळीत माझी बोटं नुसती वळवळत होती.

७ मार्च, शुक्रवार

तिने स्वतः बाईंना फोन केला! "चूक माझी आहे, आईची नाही." मी मोरीत उगाच नळ सोडून उभी. रडू येत होतं, काय करू?

बाई आल्या त्या तणतणतच. "तुझ्या आईच्या हातून असं कधी झालं नसतं!" लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग कच्चा शिवलेला कोट त्यांच्या अंगावर चढवला, बाही टाचली. म्हणाली, "दुसरी बाही अजून कापायचीय. तीही उलटी कापते, कॉलरही. मुद्दाम केल्यासारखं दिसेल. नाही आवडलं तर स्पष्ट सांगा."

बाई आरशासमोर वळल्या. पुन्हा वळल्या. "अगं, बरं दिसतंय की!"

हुश्श! मला हे सुचलं नसतं. देवाशप्पथ नसतं सुचलं.

८ मार्च, शनिवार

कोट गेला. जाताना बाईंनी पुढच्या कपड्याचं विचारलं — मला नाही, तिला! कितीतरी दिवसांनी दोन घास सुखाचे गेले.

१० मार्च, सोमवार

सकाळी दुकानात शिरले. लेक कापड आखत होती. मान वर करून म्हणाली, "आई, झोळी आज डाव्या हाताला घातलीयस."

मी खाली बघितलं. खरंच की!

"बुधवारीच कळलं होतं मला. हाताच्या व्यायामाचं सांगायला दवाखान्यातून फोन आला होता."

"मग बाही चुकली तेव्हा बोलली का नाहीस, बयो?"

"बोलले असते, तर कात्री तुला देऊन टाकली असती."