डेव्हनला, आराम करायला

गुरुवार, ९ ऑक्टोबर. दुपारी ४.१०
माझं आयुष्य आज चार वाजून दहा मिनिटांनी बदललं. ठिकाण: डब्लिन, ओहायो, आमच्या बेसमेंटची चौथी पायरी. वर किचनमध्ये उल्काकाकू आईकडे चकलीचा सोऱ्या मागायला आल्या होत्या. उल्काकाकू म्हणजे आश्लेषाची आई. म्हणाल्या, आमची आश्लेषा या वीकेंडला डेव्हनला चाललीये, पाण्याकाठी, नुसता आराम करायला, फार थकलीये गं पोर. पुढे आणखी काहीतरी सांगत होत्या, पण आईने मिक्सर लावला.

मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. डेव्हन! शिकागोची डेव्हन ॲव्हेन्यू! साड्या, मिठाया, भाजीवाले. आपल्या लोकांत 'डेव्हनला चाललो' म्हटलं की शहराचं नाव सांगावं लागत नाही. पाणी म्हणजे लेक मिशिगन. दिवाळी दहा दिवसांवर. मुलगी साडी घ्यायला निघालीये. कोणासाठी नेसणार?

आणि थकलीये म्हणे. थकणारच. मला सात महिने ब्लॉक करून ठेवायचं म्हणजे खायचं काम आहे?

४.४०
पार्श्वभूमी, म्हातारपणी वाचेन तेव्हासाठी. मार्चमध्ये आश्लेषा म्हणाली, ओजस, आपण थांबू या, तू आधी कॉलेजकडे बघ. त्याच दिवशी कॅल्क्युलसची मिडटर्म होती. दुसऱ्या प्रश्नाला उठलो, बाहेर आलो आणि दार असं आपटलं की प्रोफेसरच्या हातातला कॉफीचा कप हिंदकळला. कॉलेज तिथेच सोडलं. बघ म्हणाली होती ना? बघितलं.

दार आपटणं हे माझं तत्त्व आहे. बाबांनी बेसमेंटच्या चौकटीला फेल्टची पट्टी चिकटवली आहे. तत्त्वांना लोक असेच घाबरतात.

दुसरा नियम: घरात तिचं नाव काढायचं नाही. आई, बाबा, आन्या, सगळे पाळतात. मार्चपासून तिच्याबद्दल एक अक्षर माझ्या कानावर आलेलं नाही. याला म्हणतात इच्छाशक्ती.

(आन्या ही वही उघडते, असा संशय आहे. उघडू दे. इथे जन्मलेल्या बहिणीला देवनागरी म्हणजे मुंग्यांची रांग.)

६.१५
ठरलं. उद्या निघायचं. आईला सांगितलं, लतिकामावशीकडे जातो, वीकेंडला रिलॅक्स होतो. लतिकामावशी आईची नागपूरची शाळेतली मैत्रीण. डेव्हनवरच राहते, ब्लाउज शिवते. आई म्हणाली, रिलॅक्स? तू गेले सात महिने काय करतोयस? मग म्हणाली, जातोच आहेस तर हे तीन ब्लाउजपीस घेऊन जा, आणि मापाचा ब्लाउज विसरू नकोस.

बाबा म्हणाले, सोमवारी दुपारी बारापर्यंत कॉलेजचा रीअ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायचाय, लक्षात आहे ना? मी म्हटलं, फॉर्म भरणार नाही. बेसमेंटचं दार आपटलं. 'फुस्स' असा आवाज आला. फेल्ट.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. दुपारी २.१०
पोहोचलो. आईची सिएना गाडी घेऊन सहा तास, इंडियानामध्ये दोनदा रस्ता चुकलो, म्हणजे सीनिक रूट घेतला. शिकागोचं घड्याळ एक तास मागे. नियतीने माझ्या खात्यात जादा तास टाकला.

३.३०
तो तास पार्किंग शोधण्यात गेला.

४.००
मावशीचं घर मिठाईच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. खाली रस्त्यावरच्या दाराला वर एक लोखंडी हात आहे, तो दार सावकाश लावतो. मी सवयीने आपटलं, तर त्याने माझं काही ऐकलं नाही. सरकारी ऑफिससारखं आपल्याच वेळेने बंद झालं.

मावशी तोंडात टाचण्या धरून बोलते. म्हणाली, डेव्हनला? आराम करायला? दिवाळीच्या आधीच्या वीकेंडला? मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं, काहीतरी विचारणार होती, ते टाचण्यांसकट गिळलं. म्हणाली, बरं, हात धुऊन ये, हुक लावता येतात का?

मी स्पष्ट सांगितलं, मावशी, मी इथे काम करायला आलेलो नाही.

६.३०
अकरा हुक लावले. केवळ खिडकीपाशी बसायला मिळावं म्हणून. तिथून अख्खा रस्ता दिसतो. आश्लेषा नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर. सकाळी ९.००
संकल्प: १) ती दिसली की आधी मी हसायचं नाही. २) 'कशी आहेस' विचारायचं नाही, तिला विचारू द्यायचं. ३) हुक नाहीत.

१०.२०
जय हा आमचा दोघांचा कॉमन मित्र. त्याला ब्लॉक केलेलं नाही, कारण त्याला भावना नाहीत. त्याने तिच्या स्टोरीचे स्क्रीनशॉट पाठवले. वर लिहिलंय: 'डेव्हन. फायनली. सोमवारपर्यंत कोणाशीही बोलणार नाही.' म्हणजे आलीये! माझा हिशोब बरोबर! 'कोणाशीही' हा शब्द माझ्यासाठी टाकलाय, हे जयलासुद्धा कळलं असतं, भावना असत्या तर.

फोटो १: चिखलात आडव्या पडलेल्या होड्या. पाणी पार लांब गेलंय. लेक मिशिगनची ही अवस्था? क्लायमेट चेंज. लोकांना काही पडलेली नाही.

फोटो २: चढाची अरुंद गल्ली, दोन्हीकडे पांढरी घरं. शिकागो पोळपाटासारखं सपाट आहे, तेव्हा कॅमेरा तिरका धरलाय. तिला सरळ फोटो कधीच काढता आला नाही. गल्लीत एक गाडी, स्टिअरिंग उजवीकडे. पोस्टाची गाडी. इथे पोस्टाच्याच गाड्या तशा असतात, हे नवख्याच्या लक्षात येणार नाही.

फोटो ३: टेबलावर किटली, पाव, जॅम, हा एवढा मलईचा गोळा. खाली लिहिलंय 'क्रीम टी'. मलई मारके चहा! डेव्हनवर तो कुठे मिळतो, एवढंच शोधायचं.

जयने खाली विचारलंय, तू नक्की कुठे निघालायस? ऑपरेशन गुप्त आहे.

१.१५
चार दुकानांत मलई चहा विचारला. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, बेटा, पहले कुछ खा ले. समोसे खाल्ले. पांढऱ्या घरांची चढाची गल्ली विचारली. एका माणसाने मला पार्किंग गराजचा रॅम्प दाखवला. चढून बघितला. गल्ली नव्हती.

१.४०
जयचा नवा स्क्रीनशॉट. सूर्यास्त. दुपारी पावणेदोनला! जुना फोटो टाकलाय. माझा माग चुकवतेय. प्रेमात माणूस किती हुशार होतो.

५.००
मावशीकडे माणसं थांबत नाहीत. आत्ता लग्नाची एक पार्टी, मग यामिनी नावाच्या बाई, त्यांना मागे डोरी हवी, मग नको, मग हवी. मावशीने डोरीवाला ब्लाउज माझ्या अंगाला लावून दाखवला, फक्त लांबी कळावी म्हणून. यामिनीबाई म्हणाल्या, यांना छान दिसतंय हो. खाली रस्त्यावरून कोणी वर बघितलं नसावं.

हुक: एकूण अडतीस. साडीला फॉलही लावला. फॉल लावताना डोकं शांत राहतं, हे कोणाला सांगायचं नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर. सकाळी ११.३०
आज शेवटचा दिवस. वाट बघणं बंद, हल्ला सुरू. माझा नंबर ब्लॉक आहे, मावशीचा नाही. मावशीचा फोन मागितला. कशाला, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आयुष्याचा प्रश्न आहे. ती म्हणाली, घे, पण गिऱ्हाईकांचे फोन आले तर मंगळवारी देते म्हणून सांग.

व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला: मी ओजस. डेव्हनला आलोय. तुझ्यासाठी. (मावशीच्या फोटोच्या जागी मटका गळ्याचा हिरवा ब्लाउज आहे. इलाज नव्हता.)

१२.४०
उत्तर!! शब्दशः उतरवून ठेवतो. 'ओह गॉड. तू डेव्हनला? खरंच??' मी लिहिलं, सहा तास प्रवास करून. तिने लिहिलं, 'माझ्या आईने सांगितलं ना तुला?' मी लिहिलं, अप्रत्यक्षपणे. मग तीन मिनिटं नुसतंच 'टायपिंग'. मग: 'ओके. एवढ्या लांब आलायस. पाण्यापाशी ये. मला तासभर लागेल.'

पाण्यापाशी ये म्हणाली. सात महिन्यांनी.

जाताना खालचं दार आपटायचं राहिलं. घाई होती.

३.३०
मावशीकडे परत आलोय. जे झालं ते क्रमाने लिहितो, कारण लोक पुढे विपर्यास करतील.

डेव्हनची बस घेऊन शेवटपर्यंत गेलो, तिथून चालत लेकवर. वारा. सीगल. पाणी किनाऱ्यापर्यंत व्यवस्थित होतं. क्लायमेट एका दिवसात सुधारलं. पावणेदोनला मावशीच्या फोनवर तिचा फोन आला. म्हणाली, मी आले, तू कुठेयस? मी म्हटलं, बाकापाशी. ती म्हणाली, मी पण बाकापाशीच आहे, लाल होडी दिसतेय का तुला? मी म्हटलं, होडी नाही, लाइफगार्डची खुर्ची दिसतेय. ती म्हणाली, हात वर कर. केला. एका कुत्रं फिरवणाऱ्या बाईंनी मला हात केला.

मग मध्येच दुसरा फोन. यामिनीबाई. डोरी नको. मंगळवारी देते, असं मी सांगितलं.

परत आश्लेषा. ती म्हणाली, अरे, अंधारात काही दिसतच नाहीये. मी म्हटलं, गॉगल काढ. ती म्हणाली, काय? मी म्हटलं, एवढं लख्ख ऊन पडलंय, गॉगल काढलास की दिसेन.

ती हळूच म्हणाली, ओजस, तुझ्याकडे किती वाजले? मी म्हटलं, पावणेदोन, एक पन्नास. ती म्हणाली, माझ्याकडे सात पन्नास. मग म्हणाली, तू शिकागोत आहेस. विचारलं नाही, सांगितलं.

डेव्हन म्हणे इंग्लंडमध्ये पण आहे. अख्खा जिल्हा. समुद्र, होड्या, किटल्या. ती सप्टेंबरपासून लंडनला, सेमिस्टरसाठी. मैत्रिणींबरोबर तिथल्या कुठल्या कोळीवाड्यात आराम करायला गेलीये. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. एकट्याला सोडून.

ती हसायला लागली. खूप वेळ हसली, थांबली, 'गॉगल काढ' म्हणाली आणि पुन्हा हसली. माझ्यामुळे ती इतकी कधीच हसली नव्हती, चांगल्या दिवसांतसुद्धा. मीही थोडा हसलो. संकल्प क्रमांक एक मोडला नाही. आधी ती हसली होती.

मग तिचा आवाज बदलला. म्हणाली, मी थंडीत कोट घालून अख्खी टेकडी उतरून आले, कारण तू समुद्र ओलांडून आलास असं वाटलं. म्हटलं, एवढ्या लांब आलेल्याला मेसेजवर नाही म्हणू नये, समोर उभं राहून सांगावं. आता फोनवरच सांगते. नाही, ओजस. मार्चमध्येही नाहीच होतं. 'थांबू या' म्हणाले, ती माझी चूक, तेव्हाच सरळ सांगायला हवं होतं.

फोनमध्ये लाटा ऐकू येत होत्या. तिच्याकडच्या की माझ्याकडच्या, कळत नव्हतं.

ती म्हणाली, कॉलेजच्या फॉर्मचं आईकडून कळलंय, तो भर. नीट जा घरी. आणि ठेवला.

४.१०
मुद्दे. एक: ती आली होती. पाण्यापाशी, अंधारात, थंडीत. हे कोणीही नाकारू शकत नाही. दोन: आम्ही दोघं एकाच वेळी डेव्हनला, पाण्याकडे तोंड करून उभे होतो. मधे फक्त काही पाणी जास्त होतं. तीन: नाही म्हणाली.

तिसऱ्या मुद्द्यावर विचार करायला वेळ लागेल.

४.३०
मावशीला सांगितलं. तिने टाचण्या काढून ठेवल्या. म्हणाली, तुझ्या आईने गुरुवारी फोनवर बजावलं होतं, आश्लेषा लंडनला आहे, पण त्याच्यासमोर तिचं नाव काढू नकोस, त्याने नियम केलाय. मला वाटलं, खरंच विसरायला आलायस, कशाला खपली काढा.

मी म्हटलं, नियम चांगलाच होता. ती म्हणाली, हो बाबा. मग म्हणाली, इकडे दे ती साडी. फॉल उलटसुलट करून बघितला. म्हणाली, टाका बारीक आहे तुझा, एकसारखा. डोकं तापलेल्या माणसाचा टाका असा येत नाही. आईचा एक ब्लाउज झालाय, तो घेऊन जा, बाकीचे दोन मंगळवारी.

फॉर्म भरणार नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून तर मुळीच नाही. (जयला पोर्टलचा पासवर्ड कसा रीसेट करतात, ते विचारून ठेवलंय. माहिती असलेली बरी.)

शेवटचे चार हुक राहिले होते, ते लावले. अर्धं काम सोडून उठायचं नाही. आजपासून.

५.०५
खाली, सिएनात बसून लिहितोय.

निघताना मावशी मशीनवर होती, मान वर न करता म्हणाली, पोहोचलास की फोन कर रे. मी ताठ मानेने जिना उतरलो. खालचं दार पूर्ण उघडलं आणि दोन्ही हातांनी, अंगातलं सगळं बळ लावून आपटलं.

लोखंडी हाताने ते मध्येच झेललं. मग सावकाश, बोटभर बोटभर, दार येत राहिलं. मी फुटपाथवर ब्लाउजची पिशवी घेऊन उभा राहिलो. अर्धवट सोडून निघणं बरं दिसलं नसतं. वरून मशीनचा आवाज येत होता, फटीबरोबर बारीक होत गेला. मग दार लागलं.