घोट्याची रबरी पट्टी

१४ जुलै
अंधेरीच्या दुकानातून मासेमारीचा परदेशी सूट आणला. जॅकेट आणि पँट मिळून ९,४००. रिक्षा जाऊन-येऊन वेगळी. घरी येऊन दोन्हींची शिवण उसवली, आत काय आहे ते बघायला. म्हणजे आता परतही करता येणार नाही. नंदा म्हणाली, "एवढ्यात अर्धा फ्रीज आला असता." मग रात्रीच्या जेवणापर्यंत अबोला. तोही खर्चातच धरायचा. आणि आत निघालं काय? शिवणीवर टेप. चारकोपच्या माझ्या रेनकोटच्या गाळ्यात लावतो तशीच.

पण बघणं भाग होतं. जावई समुद्रावर चाललाय.

१५ जुलै
मंगेशने ऑफिसची नोकरी सोडली हे कळून महिना झाला. अजून घशाखाली उतरत नाही. वडिलांचा गुडघा गेला, बोट मढच्या किनाऱ्यावर झाकून पडलेली, विकायची नाही म्हणतो. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली की हा जाणार. मुलगा कोळ्याचा खरा, पण एसीत वाढलेला. लहानपणी खाडीत पोहायचा, एवढंच भांडवल.

स्नेहल रविवारी हसत म्हणाली, "पप्पा, तुम्ही अख्ख्या मुंबईला रेनकोट घालता. ह्याला एक धड काहीतरी घाला." तोंड हसत होतं. आवाज नाही. माझे कान तिखट आहेत, तेच वाईट.

१७ जुलै
कापड. जाड पीव्हीसी घेतलं तर भिंतीसारखं उभं राहतं, हात वर जात नाही. पातळ नायलॉन हलकं, पण जाळ्याचा दोर आणि माशाचे काटे, चार दिवसांत चाळण होईल. मधलं घेतलं, आतून कापडाचं अस्तर असलेलं. रमाकांत (माझा सगळ्यात जुना कारागीर, माझ्याइतकाच पिकलेला) नख मारून म्हणाला, "हे टिकेल, शेट. पण घामाने माणूस आतून भिजेल." भिजू दे. घामाने कुणी मरत नाही.

गोदामात बाटलीच्या हिरव्या रंगाचा माल पडलाय, वॉचमनवाल्या ऑर्डरमधला. फुकटात पडला असता. स्नेहलला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, समुद्रात हिरवा दिसेल का हो?"
नारिंगी मागवला.

२१ जुलै
चेन रद्द. पितळी असली तरी खारं पाणी खातं. प्लास्टिकची, वरून झाकण, झाकणाला चिकटपट्टी.

टोपी. मी स्वतः घातली आणि गाळ्याबाहेर पाइपाखाली उभा राहिलो. रमाकांत दोन हातांवरून ओरडत होता, मला फक्त तडतड ऐकू येत होती. टोपी काढल्यावर विचारलं, काय म्हणत होतास? "म्हटलं, टेम्पो मागे येतोय, शेट."
टेम्पो अगदी मागे उभा होता.
बोटीवर कुणी "सांभाळ" म्हणून ओरडलं तर? टोपीला कानाशी दोन्हीकडे जाळीच्या खिडक्या केल्या, वरून झडप. परदेशी सूटला हे नाही. दिवसभर खूश होतो, स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली.

२२ जुलै
रात्री झोप नाही. जाळीतून पाणी गेलं तर?

२५ जुलै
स्नेहल म्हणते, एकट्या ह्याला देऊ नका. बोटीवर सहा जण. पाच भिजतायत आणि मालकाचा मुलगा सासऱ्याने दिलेला सूट घालून उभा, कसं दिसेल? बरोबर. सहा शिवायचे. नंदाला आकडा सांगितला नाही. तिने विचारलाही नाही, म्हणजे तिला माहीत आहे.

२९ जुलै
पँटचा पाय. गेला आठवडा यातच गेला. रेनकोटवाल्याच्या जन्माचा शत्रू म्हणजे खालून चढणारं पाणी. बाइकवाल्यांच्या तक्रारी येतात त्या सगळ्या घोट्याच्या. बोटीच्या फळ्यांवर तर पाणी खेळतंच असणार. म्हणून घोट्याला आतून रबरी पट्टी दिली, चांगली तीन बोटं रुंद, कातडीला घट्ट बसणारी. वर छातीपर्यंत पँट, खांद्यावर पट्टे. रमाकांतला घालून पाण्याच्या टबात उभं केलं. दहा मिनिटांनी बाहेर काढला, आत दुमडलेली विजार कोरडी! त्याने विजारीचे पाय पिळून दाखवले. सगळ्या गाळ्याने टाळ्या वाजवल्या.
बाजूच्या गाळ्यातला बॉक्सवाला बघायला आला. त्याला म्हटलं, "अरे, सव्वीस वर्षं पाणी अडवतोय. माझ्या मालातून आत थेंब जात नाही, लिहून घे."

५ ऑगस्ट
सहाही सूट तयार. छातीवर नावं छापायची का, स्नेहलने विचारलं. नको म्हटलं. का ते सांगितलं नाही. नावं कशासाठी लागतात, हा विचार मनात आला आणि जाईना.

९ ऑगस्ट
मढला गेलो. काल पौर्णिमा झाली, नारळ झाला, बोटीला ताजा रंग, गोंडे. दामूदादांच्या (मंगेशचे वडील, माझे व्याही) अंगणात वीस-पंचवीस माणसं. नंदाने ताटात सूट ठेवले, वर नारळ, हळदकुंकू. एकेक खलाशाला दिले. पोरांनी तिथंच घातले, फोटो, शिट्ट्या. मंगेश एकदम हिरो.

दामूदादांनी एक पँट हातात घेतली. काठी बगलेत धरून घोट्याच्या पट्टीत दोन बोटं घातली, ताणली, सोडली. पुन्हा ताणली. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कशी काय, दादा?"
"चांगली केली, भाऊ. लय घट्ट केली."
मला बरं वाटलं. जन्म समुद्रावर घालवलेला माणूस म्हणाला.
जेवायला भरलेली पापलेटं. येताना स्नेहल दारात उभी राहून म्हणाली, "आता मला भीती नाही वाटत." अजिबात खरं नव्हतं ते. तरी म्हणाली.

११ ऑगस्ट
बोट गेली. पहाटे निघाली, मी गेलो नाही, व्याह्यांकडे बाहेरचे लोक नसतात त्या वेळी. स्नेहलने फोटो पाठवला, सहा नारिंगी ठिपके. लांबून दिसतात. हे एक बरं केलं. बाराएक दिवसांनी परत. दुपारपासून फोन लागत नाही, तो लागणारही नाही म्हणे.

१३ ऑगस्ट
सातवा सूट नमुन्याला शिवून ठेवला होता. वर्सोव्याला, भाईंदरला दाखवू, चार ऑर्डरी येतील, असा विचार. त्यासाठी व्हिडिओ काढायचा ठरला. रमाकांत सूट घालून गाळ्याच्या दारात, पोरगी ऑफिसातली मोबाइल धरून, मी पाइप घेऊन. जोर जास्त झाला, रमाकांत वाकला आणि पाइपाचं तोंड त्याच्या छातीपाशी पँटमध्ये घुसलं. तो ओरडला, "शेट, आत! आत!" सगळे हसायला लागले. मीही. मुद्दाम जरा जास्तच सोडलं. पाय फुगायला लागले. गुडघे, मांड्या. हत्ती दिसत होता. खालून एक थेंब गळत नव्हता. मी म्हटलं, "बघा, ह्याला म्हणतात काम!"

मग म्हटलं, चल ये आत, चहा घे.
गाळ्याचा उंबरा वीतभर. रमाकांतला पाय उचलून त्यावर ठेवता येईना. एकदा केलं, दोनदा केलं, दाराची चौकट धरून केलं. तो अजून हसत होता. "हलत नाय शेट, खरंच हलत नाय." मागे झुकला तसा दोघांनी धरला, नाहीतर आडवा झाला असता.
माझं हसू तिथंच गेलं.
समुद्रात पाणी वरूनच येणार. लाट खालून चढत नाही, अंगावर पडते. माणूस पडला तर छातीतून भरणार, आणि खाली माझी पट्टी, तीन बोटं रुंद. बोटीवर ओढणार कसा त्याला? त्याने स्वतः पाय उचलायचा कसा?
रमाकांतने चाकूने पट्टी कापली. गाळाभर पाणी झालं.

मंगेशला फोन. नॉट रीचेबल. नॉट रीचेबल. माहीत असून सोळा-सतरा वेळा लावला असेल.

१३ ऑगस्ट, संध्याकाळ
मार्वे रस्त्याने रिक्षा, थेट मढ. दामूदादा ओट्यावर. स्नेहल आत. हळू आवाजात सांगितलं. ते ऐकून घेतात, मान हलवत. आश्चर्य नाही चेहऱ्यावर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.
"दादा, तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं."
"हां."
"मग बोललात का नाही?"
"सोयऱ्यानं ताटात घालून, नारळ ठेवून दिलेलं. चार मान्सांत त्याला नाव ठेवू काय, भाऊ? म्हटलं, पोरांना नंतर सांगू. मग घाईत रायलं."
राहिलं! मला राग करता येईना. मी तरी काय केलं असतं? त्यांनी दिलेली पापलेटं खारट असती तर म्हटलं असतं का मी, खारट आहेत म्हणून?

दोघं बंदरावर गेलो. तिथे एका बोटीवर वायरलेस चालू होता. तांडेलाने, म्हणजे तिच्या कप्तानाने, निरोप दिला. पुढच्या बोटीला, तिने तिच्या पुढच्या बोटीला. निरोप मीच सांगितला: नारिंगी पँटच्या घोट्याची पट्टी कापून टाका, सगळ्यांनी, आत्ताच. तिकडून खरखर, मग कुणीतरी "सांगतो, सांगतो." कुणाला सांगतो? आमची बोट त्यांना दिसली नव्हती दोन दिवसांत.

निघताना स्नेहल म्हणाली, "पप्पा, असे अचानक?" म्हटलं, दादांच्या गुडघ्याचं विचारायला. ती "बरं" म्हणाली. तिचेही कान माझेच आहेत.

१४ ऑगस्ट
काही नाही. वर्सोव्याच्या पार्टीचा फोन, नमुना कधी दाखवता. म्हटलं, माल संपला.

१५ ऑगस्ट
वारा वाढलाय. टीव्हीवर लाल पट्टी फिरतेय, मच्छीमारांनी जाऊ नये. गेलेल्यांचं काय, ते सांगत नाहीत. नंदाने देवापाशी सकाळचा दिवा विझू दिला नाही. मी गाळ्यावर जाऊन पँटचा नवा पाय कापला. खाली उघडा, चिकटपट्टी एकच, ओढली की सुटते. बाजूला दोन भोकं, झडपेची, आत आलेलं पाणी खाली निघून जावं म्हणून. सोपं काम. अर्ध्या तासाचं. आधी का सुचलं नाही?
कारण पाणी आत येणारच हे मी धरलंच नव्हतं.

१६ ऑगस्ट
दामूदादांचा फोन. निरोप चार बोटींपर्यंत गेलाय, आपल्या बोटीपर्यंत गेला की नाही, नक्की नाही. "भाऊ, जेवलात काय?" म्हणून विचारतात. तो माणूस मला धीर देतोय. मुलगा त्याचा.

स्नेहल दुपारी गाळ्यावर आली. सगळं सांगून टाकलं. ती बराच वेळ नव्या पायाची चिकटपट्टी उघडत-लावत बसली. शेवटी म्हणाली, "तुम्ही दोघं फार चांगली माणसं आहात, पप्पा. तुम्ही आणि मढचे बाबा. चांगली माणसं एकमेकांना काही सांगत नाहीत, आणि मी घरात बसून वाट बघते."

१८ ऑगस्ट
अकराच्या सुमाराला अनोळखी नंबर. मंगेश! वाऱ्यामुळे बोट दक्षिणेला एका बंदरात आसऱ्याला उभी, तिथल्या दुकानातून बोलत होता.
"पप्पा, सगळे ठीक. स्नेहलशी बोललो आत्ताच."
"निरोप मिळाला?"
"कसला निरोप?"
मी पट्टीचं सांगायला लागलो. तो मधेच, "ते होय! ती तर दुसऱ्याच दिवशी कापली. पट्टी नाही, पायच. गुडघ्याखालून. सगळ्यांनी. पाणी भरत होतं हो आत."
"कसं कळलं, भरतं ते?"
इथे तो थांबला. वारा होता, दुकानातलं गाणं होतं, पण थांबला तो थांबलाच. मग म्हणाला, "असंच. काम करताना."
"कुणी पडलं का, मंगेश?"
"नाही हो. छे." पुन्हा जरा उशिराच. "स्नेहलला काही बोलू नका. आणि पँट कापली त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जॅकेट एकदम झकास. टोपीतून ऐकू येतं."

कधी परत, तर वारा पडला की. म्हणजे कधी, तर बघू.
स्नेहल संध्याकाळी विचारेल, काय बोलला. "छे" च्या आधीची ती शांतता तिला सांगायची की नाही, ठरत नाही. तिच्याशी बोलतानाही तो तसाच थांबला असेल, तर तिला आधीच माहीत आहे.

फोन ठेवायच्या आधी मी विचारलं, कापलेल्या पायांचं काय केलं? टाकले समुद्रात?
नाही म्हणाला. एका टोकाला गाठ मारून, पट्टीचं तोंड पिळून बांधून त्यात मोबाइल, काडेपेट्या आणि बिड्या ठेवतात. थेंब आत जात नाही.