तन्वीचा डावा डोळा

३० ऑक्टो., निरवांगी
दवाखान्यातून माहेरी. आईने बाळंतिणीची खोली तयार ठेवलीय. खिडकीला पोतं, दाराला चादर, खाटेखाली शेगडी. वारं लागू नये म्हणून. इथे सगळेच चाचपडतात, त्यामुळे मी उठून दिसत नाही.

माझे मोतीबिंदू जन्मापासूनचे. म्हणून डॉक्टरांनी सातव्या महिन्यातच बजावलं होतं, बाळाचे डोळे महिन्याच्या आत दाखवा. आईला आज पुन्हा सांगितलं. "सव्वा महिना हुईस्तवर उंबरा वलांडायचा न्हाय. मग ने कुठं न्यायचं तितं."

३१ ऑक्टो.
पाचवी. सटवाईपुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. रात्री येऊन ती बाळाचं नशीब लिहिते म्हणे. मी म्हटलं, बाई, जरा ठळक लिही, मला वाचता आलं पाहिजे. आई जाम चिडली.

२ नोव्हें.
भिंग घेऊन बाळावर वाकले होते. तिने एक डोळा किलकिला केला आणि तेवढ्यात आई आली. "भिंगानं जाळतीस का पोरीला?" भिंग फडताळात गेलं. मग शेक, धुरी, काजळ. काजळ एवढं, की डोळा कुठे आणि काजळ कुठे, मला काही कळेना.

४ नोव्हें.
आईलाच म्हटलं, तू बघ. बाहुली काळी आहे की पांढरट? शेगडीच्या उजेडात बघितलं तिने. "काय बी झालेलं न्हाय. तुझ्यासारखंच टपोरं हायत डोळं."

माझ्यासारखे!

माझेही टपोरेच होते. मी कोणाकडे बघायची नाही, तर "पोरगी लाजाळू हाय" म्हणून कौतुक. चौथ्या वर्षी ऑपरेशन झालं. पडदा गेला, पण डोळ्यांचं बघायला शिकायचं वय तोवर निघून गेलेलं. आईच्या लेखी मोतीबिंदू काढला म्हणजे संपलं. इतक्या वर्षांत तिला हे समजावता आलं नाही मला.

७ नोव्हें.
बारसं. तन्वी नाव ठेवलं. मावशी म्हणाली, "डोळ्यानं काय आडलं हिचं? शिकली, लगीन झालं, प्वार झालं!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

काय अडतं? एसटीची पाटी. रस्त्यापलीकडचा ओळखीचा माणूस. (त्यामुळे गावात मी गर्विष्ठ.) डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून रोजचे थेंब, ते मरेपर्यंत. लग्नात नवऱ्याचा चेहरा नीट बघितला तो फोटोत, दोन बोटांनी मोठा करून. हे सांगायचं कोणाला? सांगितलं की म्हणतात, बरं दिसतंय की तुला. घर बायकांनी भरलेलं आणि मला इतकं एकटं वाटत होतं की पोरीला पाजायचं निमित्त करून आत जाऊन बसले.

१२ नोव्हें.
संतोषचा फोन. कंपनीत सुट्टी नाही. "आईंचं मन मोडू नको. थोडे दिवस तर राहिलेत." नवरा म्हणून वाईट नाही तो. पण लहान मुलाचा डोळा वाया जातो म्हणजे काय, ते त्याने कुठे बघितलंय?
मी तरी कुठे बघितलंय म्हणा. माझेच होते ते.

१७ नोव्हें.
आई पेरूच्या बागेत गेली होती. तन्वीचं काजळ पुसलं. ती डोळे उघडेपर्यंत बसून राहिले. मग तिथेच, अंधारात, फ्लॅश मारून फोटो काढला. मी सगळं असंच बघते. आधी फोटो, मग मोठा करायचा.

उजव्या बाहुलीत लाल चमक. डाव्या नाही. डावी पांढरट, ताकाचा थेंब पडल्यासारखी.

पुन्हा काढले. सगळे तसेच. खूप रडले. तोंडात पदर कोंबून.

आई आल्यावर दाखवला. "मोबाइलचं काय खरं? माझं बी त्वांड काळं येतं त्यात." पण नंतर जेवली नाही ती.

१८ नोव्हें.
पिशवी भरली. आबा गोठ्यातून बाहेर आलेच नाहीत. भांडण नको असलं की आमच्या वडिलांना म्हशीच सापडतात. आई दारात आडवी.
"सव्वा महिना झाला न्हाय. पोरीला कायतरी झालं मंजी?"
"झालंय, आई."
मग बाजूला झाली. तन्वीच्या उशाखालचा चाकू दुपट्याच्या घडीत खोचला, वाटेत कशाची बाधा नको म्हणून. सोबत मात्र कोणी आलं नाही.

थांब्यावर एका बाईला विचारलं, ही गाडी बारामतीची का? "पाटी लावलीय की एवढी मोठी! शाळा शिकली न्हाय व्हय?" म्हटलं, नाही. आणि चढले.

१९ नोव्हें., बारामती
उजवा डोळा स्वच्छ. डाव्यात मोतीबिंदू, दाट. पुण्याला लवकरात लवकर ऑपरेशन.

डॉक्टर बोलत राहिले. ऑपरेशन म्हणजे निम्मं काम. पुढे जाड भिंगाचा चष्मा. रोज काही वेळ चांगल्या डोळ्याला पट्टी, म्हणजे कच्च्याला काम करावं लागतं. असं कित्येक वर्षं. दाब तर जन्मभर तपासायचा.

विचारलं, माझ्यासारखं होईल का? "तुमचं उशिरा झालं. हिचं वेळेत होतंय. पण किती दिसेल, ते आज कोणीच सांगू शकणार नाही." खोटं बोलले नाहीत. बरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

५ डिसें., पुणे
झालं ऑपरेशन. एवढ्याशा तोंडावर केवढं ते बँडेज. संतोष आला होता, संध्याकाळच्या गाडीने परत गेला. आईचा फोन. "दिसाय लागलं का तिला?" म्हटलं, कळायला वर्षं जातील. मग म्हणाली, "तुला मंग किती दिसतं गं?"
आजवर हे तिने कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, भेटल्यावर सांगते. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून रडले.

११ जाने., बारामती
संतोष कामावर. शेजारची दारं बंद.
चष्मा आलाय, इलॅस्टिकचा. डॉक्टर म्हणाले, पट्टी लावून समोर बसा आणि ती नजर धरते का बघा. काय माणूस आहे! हे काम त्यांनी मला सांगावं?

उजव्या डोळ्याला पट्टी लावली. खूप रडली. मग दमून गप्प झाली. मी तोंड अगदी जवळ नेलं. माझे डोळे एका जागी ठरत नाहीत, तिचा तो एवढासा डोळा भिंगामागे हलतो. माझ्याकडे बघते की नुसताच उघडा आहे, मला कळत नाही. फोन हातात घेतला फोटोसाठी, आणि ठेवून दिला. तेवढ्यात तिचं बघणं चुकायचं.

तशीच बसून राहिले तिच्यासमोर. ती बघत असेल तर माझ्याकडेच बघत असेल. घरात दुसरं कोणी नाही.