खाटेवरून खुर्चीत

प्रिय चिरंजीव,

रविवार, नऊ मार्च, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. तू माझा प्रोटीन पावडरचा डबा सिंकमध्ये उपडा केलास आणि वर नळ सोडलास. मी तेव्हा आतल्या खोलीत तुझ्या बाबांना कुशीवर वळवत होते, म्हणून वाचलास. ज्यांना तू एक तारखेपासून शुश्रूषा केंद्रात धाडायचं ठरवलं आहेस, त्याच बाबांना. निम्मी पावडर पाइपात घट्ट बसली आहे. या घरात सध्या सर्वांत बळकट तो पाइप आहे.

या वयात हे खूळ कुणी भरवलं, असं तू विचारलंस, आणि उत्तराची वाट न बघता दुकानदाराला फोन करून म्हणालास की माझ्या भोळ्या आईला फसवलंत. भोळी! मुला, तुझी आई वजनमाप खात्यात निरीक्षक होती. मला बघून तराजूही सरळ उभे राहायचे. दुकानदाराने आधी मान नसलेल्या माणसाचं चित्र असलेला डबा पुढे केला. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती, ठळक अक्षर नंतर, बारीक आधी. मी डबा उलटा केला. प्रोटीन नावाला, बाकी साखर. दुसऱ्यावर घटकांची नुसती नावं होती, कशाचं प्रमाण किती याचा पत्ता नाही. तिसऱ्याच्या आतला चमचा मी त्याच्याच काट्यावर तोलायला लावला, तर तो लेबलाशी जुळेना. तेव्हा त्याने मला बसायला स्टूल दिलं. शेवटी मी बिनस्वादाचं घेतलं, दुधातली साखर जवळजवळ काढून टाकलेलं, कारण दूध मला बाधतं हे निदान तुला ठाऊक असावं, आणि बाहेरच्या प्रयोगशाळेने तपासल्याचा शिक्का असलेलं. चव भिंतीच्या चुन्यासारखी आहे. प्रोटीन झेपेल का, म्हणून डॉक्टरीणबाईंनी माझ्या मूत्रपिंडाची तपासणी आधीच करून घेतली होती. नुसत्या पावडरीने काही होत नाही, डाळ-अंडी खा आणि वजनं उचला, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून मी जिममध्ये जाते. तिथली दांडगी पोरं मला ‘मॅडम आजी’ म्हणतात आणि मी आले की मशीन रिकामं करतात. तुझ्यापेक्षा त्यांना वळण बरं आहे.

थांब, बाबा हाक मारताहेत.

आले. उशी घसरली होती. कुठे होते मी? हं, हे सगळं सुरू झालं ते न्हाणीघरात. हिवाळ्यात बाबा तिथे घसरले आणि मला उचलता आले नाहीत. शेजारी येईपर्यंत आम्ही दोघं ओल्या फरशीवर बसून होतो. लाजेने त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ती फरशी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्याच संध्याकाळी तू केंद्राचं पत्रक घेऊन आलास. मी नाही म्हटलं, तर माझ्या खांद्यावर हात ठेवून हसलास आणि म्हणालास, “आई, ज्या दिवशी तू बाबांना एकटीने खाटेवरून खुर्चीत बसवशील, त्या दिवशी मी केंद्राचं नाव काढणार नाही.” तू बोललास आणि विसरलास. मी दुसऱ्या दिवशी जिममध्ये नाव घातलं.

एका पडण्यात आम्ही दोघंही जायबंदी होऊ, ही तुझी भीती मला कळते. पण भ्यालेला माणूस चार प्रश्न विचारतो, डबे ओतत नाही. परत उठावं लागलं, बाबांना पाणी हवं होतं. आज त्यांनाही चैन नाही, मलाही नाही.

तर आता ऐक. काल सकाळी फिजिओथेरपीच्या बाई हाताची घडी घालून दारात उभ्या राहिल्या, मध्ये पडायचं नाही असा माझा हुकूम होता. बाबांच्या कमरेला पट्टा, धड पाय जमिनीवर घट्ट, लुळ्या गुडघ्याला माझ्या गुडघ्याचा टेकू. एक, दोन, तीन म्हटलं आणि ते वर आले, वळले, बसले. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना एकेक शब्द शोधावा लागतो. त्यांनी बराच वेळ शोधला, माझ्या दंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, “पैलवान.” मग खिडकीकडे बोट दाखवलं. खाटेवरून रस्ता दिसत नाही ना. दुपारपर्यंत खुर्ची सोडायला तयार नव्हते. तेव्हा हे पत्र डब्यासाठी नाही. डबा मी दुसरा आणीन, तोच, आणि या वेळी कपाटाला कुलूप घालीन. हे पत्र तुझ्या त्या वाक्यासाठी आहे. केंद्रात राखून ठेवलेली खाट सोडल्याचं मला सहीनिशी, लेखी हवं आहे, पंचवीस मार्च, संध्याकाळी पाचच्या आत. फोन करू नकोस, फोनवर तू ‘बघू’ म्हणतोस. उत्तर आलं नाही, तर बाबांना घेऊन तुझ्या ऑफिसात येईन आणि तुझ्या साहेबांसमोर त्यांना उठवून तुझ्या खुर्चीत बसवून दाखवीन.

वाट बघत, पण पाचपर्यंतच,
तुझीच,
आई