पाचवा पक्षी

अण्णा, रविवारी मी तिकिटांचा खेळ खेळलो. तुमचा नव्हे, विकतचा. लेकीच्या ऑफिसातली दोन पोरं जेवायला आली होती, त्यांनी भलामोठा खोका आणला. प्रत्येकाला एकेक अल्बम, मधल्या फळ्यावर पोस्टाच्या तिकिटांसारखे छापील पुठ्ठे. आळीपाळीनं एक उचलायचा आणि आपल्या पानावर बसवायचा. जहाजांची ओळ भरा, फुलांची भरा, दुसऱ्याची अडवा. मी म्हटलं, अरे, हे आमच्या घरी मी शाळेत असताना होतं, कॅलेंडरच्या पाठीवर आखलेलं. पोरं नुसती हसली. म्हाताऱ्याच्या गप्पा, दुसरं काय. तिसऱ्या फेरीला मला हवं असलेलं जहाज लेकीनं उचललं आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला हेच पाहिजे होतं ना? तुमचं पान समोर उघडंच पडलंय. मी आधी तेच बघते." मी डोकं दुखतंय म्हणून उठून आत गेलो. चार दिवस झाले, घास गोड लागत नाही.

कारण हे वाक्य तुमचं होतं. बेगम बाजारातल्या मसाल्याच्या पेढीवर तुम्ही पत्रव्यवहार बघायचात, आणि देशोदेशीच्या पाकिटांचे कापलेले कोपरे शर्टाच्या खिशातून घरी यायचे. चांगली तिकिटं अल्बमात, जास्तीची खेळात. दर रविवारी सकाळी चिक्कडपल्लीच्या त्या दोन खोल्यांत सतरंजी पडायची, मधे थाळीत तिकिटं उलगडून ठेवलेली. तुम्ही, दादा आणि मी. पाच चौकोनांची ओळ, एका विषयाची. आठवड्यात ज्याला जे नवं तिकीट मिळेल ते त्यानं खेळात आणायचं, ते त्याचंच. मी हावरटासारखा आपल्याच ओळीकडे बघत बसायचो आणि तुम्ही टपली मारायचात, "आधी समोरच्याचं पान वाच रे, मग आपलं." तुम्ही माझं पान वाचलं नाही असा एकही रविवार गेला नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण कुठे लागू करायचं ते कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

दादा गेला तो तुमच्या बोलण्यानं. दोनदा नापास झाला होता, आणि तुम्ही ताटावर बसलेल्या पोराला म्हणालात, "या घरात फुकटचं गिळायला कुणी नको." त्यानं हात धुतला आणि गेला. दीड वर्ष पत्ता नाही. आई रोज पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहायची.

आणि पत्र आलं ते नेमकं आई परभणीला माहेरी गेली असताना. शुक्रवार होता. पोस्टमननं पाकीट माझ्या हातात दिलं, "भाई का खत है, मीठा खिलाओ." आखातातल्या कुठल्याशा देशाचं तिकीट, त्यावर ससाणा. मागच्या बाजूला दादाच्या अक्षरात त्याचा तिथला पत्ता, त्याच्या आवडत्या शाईच्या पेनानं. संध्याकाळी तुम्ही शेगडीवर चहा टाकला होता, उभ्यानंच पत्र वाचलंत. तोंड लाल झालं. "उत्तर आलं तर येतो म्हणे! नबाब लागून गेला," म्हणालात, आणि चिठ्ठी फाडून शेगडीत. पाकीट खाली पडलं ते तुमच्या पायानं कॉटखाली गेलं. तुम्ही बाहेर निघून गेलात. मी तेरा वर्षांचा आहे, अण्णा, आणि माझ्या पानावर चार पक्षी आहेत. मोर, बगळा, पोपट, घुबड. गेल्या रविवारी खेळ अर्धा राहिला होता. मला पाचवा पक्षी दिसतो. दादा दिसत नाही, पत्ता दिसत नाही, फक्त पक्षी. कात्री तुमच्या पेटीत, कुलपात. मग मी अख्खं पाकीटच परातीत बुडवलं. तिकीट ओढायचं नसतं, पाण्यानं सुटू द्यायचं असतं, हे तुम्हीच शिकवलेलं. अर्ध्या तासानं ससाणा अलगद सुटला, कडेचा एकही दाता न तुटता. पाणी निळं झालं होतं. ते मी मोरीत ओतलं आणि पाकिटाचा लगदा बाहेर कचऱ्यात टाकला.

रविवारी मी तो ससाणा पानावर ठेवला. तुम्ही पाहिलंत. बराच वेळ पाहिलंत, मग विचारलंत, "हे कुठून रे?" मी म्हटलं, वर्गातल्या एका पोरानं दिलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि माझी ओळ मोजून दिलीत. मी आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला हरवलं होतं आणि शेजारी सांगत सुटलो होतो.

मंगळवारी आई परत आली. कोपऱ्यावरच पोस्टमननं तिला विचारलं, "अम्मा, बडे बेटे का खत मिला ना?" ती पिशवी हातात घेऊनच आत आली. "पत्र कुठंय?" तुम्ही खाली मान घालून सांगितलंत, जाळलं, रागात. उत्तर आलं तर येतो म्हणत होता. ती म्हणाली, "जळू दे पत्र. पत्ता? पाकिटावर असेल की." तुम्ही माझ्याकडे वळलात. "पाकीट कुठंय रे?" आणि मी म्हणालो, "तुम्हीच टाकलंत ना अण्णा, चिठ्ठीबरोबर, शेगडीत."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग तिला म्हणालात, "हौ. मीच टाकलं असणार."

त्यानंतर सतरा वर्षं जगलात. आई तुमच्याशी कामापुरतं बोलली, तेही माझ्यामार्फत. "अण्णांना सांग, पान वाढलंय." "अण्णांना विचार, किराणा आणणार का." तुम्ही दोन हातांवर असायचात आणि मी निरोप्या. तुम्ही अफझलगंजातल्या एजंटांकडे खेटे घातलेत, जे पोरांना आखातात पाठवायचे. देश ठाऊक, गाव नाही, कंपनी नाही. एक म्हणाला, "हजारों जाते साब, किसकू किसकू याद रखना?" दादाचं दुसरं पत्र आलं नाही. कशाला लिहील तो? त्यानं उत्तराची वाट पाहिली असणार आणि बापानं आपल्याला टाकलं असं समजला असणार. जिवंत आहे की नाही, आजही ठाऊक नाही.

आणि दर रविवारी तुम्ही माझ्यासमोर सतरंजीवर बसत राहिलात. ससाणा थाळीत असायचा. तुम्ही उचलला नाहीत, मीही नाही. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की तुम्हाला खरंच तसं आठवत होतं, रागाच्या भरात माणसाला काय भान असतं. वेडा का मी? ज्या माणसाला तिकिटाचा दाता तुटलेला दुरून दिसायचा, त्यानं शुक्रवारी हातात धरलेला ससाणा रविवारी ओळखला नाही? तुम्हाला सगळं माहीत होतं. मंगळवारी तुम्ही मला विचारलंत ते पाकिटासाठी नव्हतंच. मी खरं बोलतो का, एवढंच बघत होतात.

मला तुमचा राग येतो, अण्णा. खरंच येतो. तेव्हाच कानफटात का नाही दिलीत? आईसमोर एकदा म्हणाला असतात, यानं भिजवलं, तर दोन दिवस रडलो असतो आणि सुटलो असतो. तुम्ही मला वाचवलंत की शिक्षा दिलीत, ते मला या वयातही सांगता येत नाही. की एक पोरगा आपल्या जिभेनं घालवला, दुसरा घालवायचा नाही, असं काही होतं तुमच्या मनात?

तुम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट पुढची आहे. आई गेल्या वर्षी गेली. शेवटच्या आठवड्यात दुपारी मी तिला पेज भरवत होतो. ती म्हणाली, "आता तिकडं गेले की त्यांच्याशी बोलावं लागेल. एक सांग मला. पाकीट खरंच त्यांनीच टाकलं होतं का रे?" खोलीत आम्ही दोघंच. तिला काही झालं नसतं, मलाही काही झालं नसतं. मी चमचा पुढे केला आणि म्हणालो, "हौ आई, त्यांनीच."

"मग मी वागले ते बरोबरच वागले," ती म्हणाली, आणि पेज प्यायली.

हे लिहीत असताना लेक मघाशी मागे येऊन उभी राहिली. तिला मराठी बोलता येतं, पण हातानं लिहिलेलं वाचायचं म्हणजे अक्षर अक्षर जोडत बसते. म्हणूनच तर दिवसाउजेडी, जेवणाच्या टेबलावर बसून लिहितोय. "काय लिहिताय बाबा एवढं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही गं, आजोबांच्या खेळाचे नियम लिहून ठेवतोय.