विरहगीताविरुद्ध आघाडी

१२ एप्रिल १९९८, आरमोरी
प्रेमिलाचं लग्न ठरलं. मुलगा कोरपन्याकडचा, सिमेंट कारखान्यात फिटर. माझ्यावर परिणाम शून्य. माझं अकरा पानी पत्र प्रस्तावनेसह पूर्णपणे वैचारिक होतं. त्यावर तिचा अभिप्राय एवढाच, 'अक्षर मस्त हाये जी.'

१५ एप्रिल
फारूकच्या साउंड सर्विसमध्ये पुन्हा तेच गाणं. सध्या अख्ख्या तालुक्यात तेच. प्रेयसी सोडून गेली म्हणून एक इसम पाच मिनिटं कण्हतो आणि शेवटी तिलाच म्हणतो, जिथे असशील तिथे सुखी राहा. ही शरणागती! रशियात क्रांती झाली ती बासरी ऐकून नव्हे. ठराव : वाचनालयात या गाण्यावर जाहीर व्याख्यान. कॅसेट विकत घेतली. शत्रूचा अभ्यास हवा.

१८ एप्रिल
आधी गिटार. मग लांबून बासरी. दुसऱ्या कडव्याआधी गायक नुसताच श्वास घेतो. तो श्वास अत्यंत प्रतिगामी आहे. सतरा वेळा तपासला.

२० एप्रिल
कॅसेट घासली. दुसरी आणायला गेलो. फारूक म्हणाला, 'लटारूभाऊ, अभ्यास करून राह्यले का रडून राह्यले?' रानात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, त्याचा धूर डोळ्यांत जातो, असं सांगितलं. तर म्हणे, 'काऊन भाऊ, धूर तुमच्याच घराचा पत्ता विचारत येते का?' अशिक्षित मनुष्य.

२६ एप्रिल
व्याख्यान झालं. दीड तास. श्रोते नऊ, अखेरीस चार. त्यांतले दोघे पेपर वाचत होते. दुसऱ्या कडव्याच्या विवेचनात घसा बसला. ऊन फार आहे.

३ मे
प्रेमिलाचे वडील मनसारामभाऊ तळ्यावरून थेट घरी आले, हातात मासोळ्या. लग्नात माइकवर बोलायला माणूस पाहिजे. म्हणाले, 'तुमच्यासारखा बोलणारा तालुक्यात नाई.' हे खरंच आहे. तत्काळ होकार. मला काही वाटत नाही, हे आता हजार माणसं पाहतील. एकच अट : मांडवात ते गाणं वाजणार नाही. फारूकलाही बजावलं.

१० मे, सायंकाळी
अक्षता पडल्या तोवर माझा आवाज खणखणीत. मग गाणं सुरू झालं. फारूकला जाब विचारला. म्हणाला, 'नवरीनंच सांगतलं भाऊ. तिले चाल आवडते.' चाल! अर्थाशी काही देणंघेणंच नाही!

माइक हिसकावला. 'बंद करा हे' असं म्हणायचं होतं. तेवढ्यात तो श्वास आला. तोंडून निघालं, 'सुखी राहा.' पुढचं चार भोंग्यांवरून साऱ्या गावाने ऐकलं. त्याला भाषण म्हणता येणार नाही.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मनसारामभाऊंनी मला मिठी मारली. 'पोरीले भाऊ नाई, याचं लय दुख होतं मले. सख्खा बी येवढा रडला नसता. लटारू, कानपिळीले तूच ये!' नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. मी तात्त्विक आक्षेप घेणार होतो, पण माइक आता फारूककडे होता.

कान पिळला. लाल होईस्तोवर. तडजोड नाही.

प्रेमिला म्हणाली, 'हळू ना, दादा.'

मानाचा टॉवेल मिळाला. राखीला घरी येण्याचं आमंत्रणही. कोरपन्याला जायला कुठली बस धरायची, ते नवरदेवाने एका हाताने कान चोळत स्वतः लिहून दिलं.