रविवारचं प्रेशर

मंगळवार, १७ नोव्हेंबर
दुपारी, बेकरीच्या मागच्या खोलीतून

चि. बिस्कू हिस,

बाबाचे पोतंभर आशीर्वाद. तुझ्या वॉर्डात तुला सगळे सिस्टर म्हणतात आणि तू नुसतं डोळे वटारून पाहिलंस की भलेभले पेशंट निमूट औषध घेतात, हे मी ऐकून आहे. पण जिने चालायला लागल्या लागल्या ट्रेमधली गरम बिस्किटं पळवली, तिला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही. लिफाफ्यावर खरं नाव घातलं आहे, काळजी करू नको.

'आम्ही दोघं इकडे ठीक आहोत' असं लिहायची रीत आहे. मी ती अर्धी पाळतो. मी ठीक आहे.

ठीक म्हणजे अगदी ठणठणीत. तू सांगितल्याप्रमाणे रोज संध्याकाळी कालव्याच्या कडेने चालायला जातो. पॅन्ट कमरेवर ठरेना, म्हणून बेल्टला नवं भोक पाडून आणलं. जेवणात मीठ नाही. पिठात मीठ घालायचं विसरलेला पाव मी आयुष्यात एकदाच विकायला ठेवला होता, तो समोरच्या गल्लीतल्या कुत्र्यानेही हुंगून सोडला. आता तसलाच पाव तुझी आई माझ्यासाठी वेगळा भाजते आणि मी समोर बसून खातो की नाही हे बघते. स्वतः मात्र वाटीतलं मीठ चिमटीने घेऊन भाजीवर भुरभुरते. विचारलं तर म्हणते, "सल्ला तुमच्या नावाने आलाय."

आता मुद्द्याचं. रविवारी फोनवर तुझा आवाज कापरा झाला होता. "बाबा, हे आकडे चांगले नाहीत. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा, बहुतेक गोळी सुरू करावी लागेल." तर काल आम्ही गेलो, दोघंही. तिथे काय झालं ते सांगायला हे पत्र. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, आणि मी बोलायला लागलो की शेजारून कोणीतरी माझा गुडघा दाबतं. कोण, ते पुढे येईल.

कोपऱ्यावरच्या आपल्या डॉक्टरांनी माझ्या हाताला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. मग दुसऱ्या हाताला. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "काका, तुमचं प्रेशर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मग मुलीला पाठवलेले हे आकडे कुठून आणलेत?"

मी म्हटलं, "मशीन बिघडलं असेल."

"आणलंय का?"

आणलं होतं. तुझी आई कुठेही निघाली की पिशवीत अर्धं घर असतं. डॉक्टरांनी तू पाठवलेलं तेच मशीन माझ्या हाताला लावलं. पुन्हा तोच चांगला आकडा. ते माझ्याकडे बघतायत, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतोय. आणि तुझ्या आईने बाही वर करून आपला हात टेबलावर ठेवला.

जो आकडा आला तो रविवारचाच होता. दोन-चारचा इकडेतिकडे फरक.

आता रागावून घे. पाणी पी. मग पुढचं वाच.

तुझं मशीन पार्सलने आलं, त्या दिवशी मी ते स्वतःच्याच हाताला लावलं होतं. पण ते यंत्र असं आवळतं, असं आवळतं, की वाटलं कोणी गचांडी धरली आहे. मी चिडलो. आकडा वर गेला. आकडा बघून आणखी चिडलो, तो आणखी वर गेला. तिसऱ्यांदा मी इतका ओरडलो की काउंटरवरचं गिऱ्हाईक पाव न घेताच निघून गेलं. तुझी आई आत आली आणि म्हणाली, "द्या इकडे. असं गप्प बसायचं असतं." तिने स्वतःच्या हाताला पट्टा बांधला, डोळे मिटून बसली आणि आकडा आला एकदम गुणी. मी म्हटलं, हाच पाठवू. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती म्हणून मी पाठवला. पुढच्या रविवारी तिने आपणहूनच हात पुढे केला, आणि तू सांगितल्यावर मग बुधवारीही.

तेव्हा आजीला जाऊन महिना झाला असेल. दु:ख होतंच, पण अजून अंगात मुरलं नव्हतं.

बिस्कू, त्या दिवसाबद्दल मी कधी बोललो नाही. मी मध्ये पडलो तर दोघींपैकी एकीचा होईन अशी भीती वाटायची. आजीच्या मेंदूत रक्तस्राव झाला, डॉक्टरांनी विचारलं की व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, आणि तू म्हणालीस, "नको, आता तिला त्रास नको." बरोबरच होतं ते. तिची स्वतःची आई, तरी तुझ्या आईनेही मान हलवली होती. आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात, पाहुणे गेल्यावर, ती तुला म्हणाली, "परकी पेशंट असती तर धावपळ केली असतीस." मी शेजारच्या खोलीत, दाराशीच होतो. मला तुझ्या हातातला कप ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, मग बॅगेची चेन. तेव्हापासून तुझा फोन येतो तो माझ्या मोबाईलवर.

ते वाक्य तिने तुला म्हटलं, पण वर्षभर ते छळतंय तिलाच. आपण बेकरीवाले, जगाच्या आधी उठतो. पण माझा गजर वाजतो तेव्हा ती आधीच खिडकीपाशी बसलेली असते. डोक्याची मागची बाजू ठणकते म्हणते, आणि बाम लावून कामाला लागते. गल्ल्यावर सुट्टे पैसे देताना चुकते. तिचं काही चुकतं हे मी लग्नानंतर प्रथमच पाहिलं. उन्हाळ्यापासून आकडा वर चढायला लागला. मी म्हणायचो, "अगं, हे तुझं आहे, दाखवून येऊ." ती म्हणायची, "उकाडा आहे." पावसाळ्यात म्हणाली, "दमट हवा आहे."

डॉक्टरांनी तिला विचारलं, "झोप?"

"लागते की."

"भूक?"

"आहे."

"काही काळजी?"

"छे हो. बेकरी चालतेय, हे बरे आहेत."

"मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे. नर्स आहे," म्हणाली, आणि अशी रडली की डॉक्टरांनी बाहेरच्या लोकांना थांबायला सांगितलं. त्यांनी मग शांतपणे आजीचं विचारून घेतलं. म्हणाले, "नुसत्या दु:खाने प्रेशर वाढलं असं मी म्हणणार नाही. वय आहे, मीठ आहे, आईलाही प्रेशर होतं. पण जीव असा घुसमटलेला ठेवून, रात्र रात्र जागून वर्ष काढलंत, तर शरीर किती दिवस ऐकून घेणार? गोळी मी लिहून देतो, ती रोज घ्यायचीच, चुकवायची नाही. झोप मात्र मला लिहून देता येत नाही. कोणाशी बोलणं अडलं असेल तर ते मोकळं करा. जमत नसेल तर बोलायला माणसं असतात, पत्ता देतो." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही बिनमिठाचं खाताय? शाब्बास. आता यांनाही द्या."

म्हणजे बघ, आजार तिचा आणि पथ्य मी पाळलं. तब्येत सुधारली माझी. असा पेशंट तुझ्या हॉस्पिटलात आला असेल तर सांग.

परत येताना मी म्हटलं, "आज बिस्कूला खरं सांगून टाकतो." ती फुटपाथवर थांबलीच. म्हणाली, "नका सांगू. मग ती काय विचारेल?"

मला कळेना. मग उलगडलं. तू रविवारी फोन करतेस तेव्हा मी स्पीकर लावतो, ऐकू कमी येतं म्हणून. ती शेजारी स्टुलावर बसलेली असते. तू विचारतेस, "बाबा, रात्री झोप लागते का?" मी 'हो' म्हणणार, तोच माझा गुडघा दाबला जातो आणि ती मान हलवते. मग मी म्हणतो, "नाही गं." तू विचारतेस, "डोकं दुखतं का?" ती स्वतःच्या मानेवर हात ठेवते. मी म्हणतो, "मागून दुखतं." तू रागावतेस, "स्वतःकडे लक्ष द्या ना, मी एवढ्या लांब आहे, मला किती काळजी वाटते," आणि ती पदर तोंडाला लावून ऐकत बसते. मला वाटायचं, ती लबाडी निभावतेय. अगं, वर्षभर तू तुझ्या आईशीच बोलत होतीस. मी नुसता लाउडस्पीकर.

आणि तुझी ती शंका, की आकडा रविवारीच जास्त का येतो? तू म्हणालीस रविवारी गर्दी असते, दुकान बंद ठेवा. गर्दीचं काही नाही. सकाळपासून तिचं लक्ष माझ्या मोबाईलकडे असतं.

मी तुम्हा दोघींत न्याय करायला बसलेलो नाही. तुला लागलं, ते लागण्यासारखंच होतं. पण बिस्कू, मला भीती वाटते. आजी गेली तीही प्रेशरनेच, आणि तीही "उकाडा आहे" म्हणायची. गोळी मी रोज स्वतःच्या हाताने तिला देईन, मीठ लपवून ठेवीन, कालव्यावर हात धरून नेईन. एवढं माझ्याकडे लागलं. पण एक गोष्ट माझ्याकडून होण्यासारखी नाही. ती तुझ्याकडेच आहे.

येत्या रविवारी मी आकडा पाठवणार नाही. तू माझ्या मोबाईलवर फोन करू नको. काउंटरवरचा जुना फोन अजून चालू आहे. तो तीच उचलते आणि 'बेकरी' एवढंच म्हणते. पुढे काय बोलायचं ते तू ठरव. प्रेशरचं विचारलंस तरी चालेल. फक्त तिला विचार. पूर्वी तुझा फोन आला की पहाट असो वा रात्र, तिचा पहिला प्रश्न एकच असायचा, आठवतं ना? मला तो विचारायचं कधी सुचलं नाही. आपल्या घरात ते खातं तिचंच.

आणि तूही एकदा स्वतःच्या हाताला पट्टा लाव. सगळ्या वॉर्डाचं प्रेशर मोजतेस, तुझं स्वतःचं मला माहीत नाही. तुझीही झोप कशी आहे ते तुझ्या आवाजावरून मला कळतं, मी बहिरा असलो तरी.

इथे लिहिणं थांबवावं लागलं. तुझी आई आत आली. "एवढं काय लिहिताय?"

"मैदेवाल्याला."

"मैदेवाल्याला कोणी डोळे पुसत लिहितं का?" म्हणाली आणि कागद ओढून घेतला. स्टूल भट्टीच्या उजेडाकडे सरकवून, चष्मा लावून सगळं वाचलं. मी ट्रे पुसायला घेतले, जे आधीच पुसलेले होते. आता वादळ येणार म्हणून मी खाली मान घालून उभा. शेवटी म्हणाली, "गुडघ्याचं लिहायची काय गरज होती?"

मग म्हणाली, "खाली थोडी जागा ठेवा."

ठेवली आहे. काय लिहील ते मी बघणार नाही, लिफाफा तिलाच चिकटवायला देतो. माझ्याकडचं इथे संपलं.

तुझा लाउडस्पीकर, आजपासून रिटायर,
बाबा

मीठ सोडलं. गोळी घेते. त्या दिवशी बोलले ते मनात धरू नको, मी धरून बसले तेवढं पुरे.
जेवलीस का?
आई